साखरबाईचा सूर आणि आयर्लंडचं भजनी मंडळ

निमोण्यात कुणी गेलं की पहिला निरोप साखरबाईला जायचा. डॉक्टरचा उपयोग तोवर संपलेला असायचा, पाहुण्यारावळ्यांना यायला वेळ लागायचा. साखरबाई मात्र हातातला चहा अर्धा ठेवून उठायची. मयताच्या दारापर्यंत तोंडातून अक्षर नाही. उंबऱ्यात पाऊल पडलं की पदर पुढं ओढायची, आणि मग जो सूर लागायचा तो वेशीबाहेरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा. गिरणीवाला पट्टा थांबवून म्हणायचा, "कोण गेलं गा?" आणि दोन ओळी ऐकल्या की त्याचं त्यालाच कळायचं.

कळायचं, कारण साखरबाई मोघम रडत नसे. गेलेला माणूस कसा होता, काय करायचा, काय खायचा, कुठं चुकायचा, हे सगळं तिच्या हेलात यायचं. बाकीच्या बायका 'देवमाणूस गेला गं' यावर भागवायच्या. साखरबाईला ते पटत नसे.

"नुसतं देवमाणूस देवमाणूस केलं," ती म्हणायची, "तर मेलेल्याला तरी कसं कळावं की आपल्यासाठीच रडत्यात? शेजारच्या गल्लीतबी कुणी गेलेलं असतंय."

एकदा गावचा शिंपी गेला. साखरबाईनं सूर धरला, "डावा खिसा उजवीकडं लावायचास रं, आता उलटा शर्ट कोण शिवंल रं..." तेव्हा गावातले निम्मे पुरुष आपापले खिसे चाचपत रडले. स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी ती त्याच्या घोरण्यासाठी रडली. म्हणाली, तुझ्या आवाजानं उंदीर पोत्याला तोंड लावत नव्हतं रं. हे खरं होतं. पुढच्याच महिन्यात उंदरांनी ज्वारीची दोन पोती फाडली.

गळा तिला माहेरचा. माहेर दौंड तालुक्यातलं वरवंड, घर सोलापूर रस्त्याला लागून. दारावरून दिवसरात्र ट्रक जायचे, त्यामुळे आईला भाकरीला हाक मारायची तरी ट्रकच्या वर सूर काढावा लागायचा. असा कमावलेला गळा घेऊन ती सोळाव्या वर्षी नदी ओलांडून निमोण्याला नांदायला आली. इथं ट्रक नव्हते. त्यामुळे ती साधं 'व्हय' म्हणाली तरी सासू दचकायची.

या रडण्याची एक रीत होती, ती सांगायला हवी. एका बाईनं सूर धरला की दुसरीनं तिच्या गळ्यात पडून पुढचं उचलायचं. मग तिसरीनं. पहिलीला तेवढ्यात श्वास घ्यायला, नाक पुसायला सवड मिळते. एकटीला रडत ठेवणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. भांडणं असली तरी त्या वेळी उठावंच लागतं.

भांडण म्हटलं की गिताबाई. गिताबाई म्हणजे साखरबाईची थोरली जाऊ. साखरबाईच्या लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला घरात पाहुणे यायचे होते, खिरीचा बेत होता, आणि पहाटे कुणीतरी म्हशीचं रेडकू मोकळं सोडलं. रेडकानं म्हैस पार आटवून टाकली. पाहुण्यांना कोरा चहा. सासूनं विचारलं, कोणी सोडलं? गिताबाई म्हणाली, धाकलीनं. साखरबाईनं नाही म्हटलं, पण तिचा आवाज असा की नाकारलं तरी भांडल्यासारखं वाटायचं. सासूनं तिला त्याच दिवशी वरवंडला पाठवली. चार महिन्यांनी ती परत आली तोवर गावानं तिचं नाव ठेवून टाकलं होतं : रेडकूसोडी. निमोण्यात साखरबाया दोन होत्या, त्यामुळे हे नाव सोयीचं पडलं. पत्र आलं की पोस्टमन विचारायचा, "साखरबाई कुठली, रेडकूसोडी का?"

दोघी जावा एका ओट्यावर भाकरी थापायच्या, एका विहिरीचं पाणी भरायच्या, आणि पुढं पुढं तर बारा वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. लागलंच तर म्हशीला सांगायच्या. "म्हशी, तुला सांगते, मीठ संपलंय." मग दुसरी मीठ आणायची.

गेल्या दसऱ्याला गिताबाई अंथरुणाला खिळली. साखरबाई पेज घेऊन गेली. गिताबाईनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "माझ्या वक्ताला तूच रड."

"मी न्हाई तर कोण रडणार? तुमची ती मावशी? तिला तर खोकलाच येतो."

"पर खरं रड. आन् ते रेडकू मी सोडलं व्हतं, ते बी सांग. दावं माझ्या हातात व्हतं. चार लोकांत सांग."

साखरबाईनं भांडं खाली ठेवलं. पन्नास वर्षांत हे वाक्य तिनं मनात पुष्कळदा ऐकलं होतं, पण त्यात गिताबाई उभी असायची आणि जोरात बोलायची.

"आत्ताच सांगा की," साखरबाई म्हणाली. "बाहेर ओट्यावर चार लोक हायेत."

"जित्तेपणी कसं सांगू? लाज वाटती." गिताबाईनं तोंड भिंतीकडं केलं. "तू रडताना सांग. म्या तवा नसंन."

"सांगते," साखरबाई म्हणाली. शब्द दिला.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण गिताबाईच्या आधी, दिवाळीनंतर आठच दिवसांत सर्जेराव आप्पा गेले. आप्पा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. सोसायटी त्यांच्या हातात, पंचायत त्यांच्या शब्दात. साखरबाईनं रीतीप्रमाणे उंबऱ्यात पदर ओढला आणि सूर धरला : "दरसाल नांगर आमच्या बांधात घालायचास रं आप्पा... वीत वीत कोरून दमलास रं... आता निवांत पड रं, बांध कुठं पळून जात न्हाई रं..."

तिच्या मते यात गैर काही नव्हतं. माणूस बांध कोरायचा, कष्ट घ्यायचा, दमायचा. पण आप्पांच्या पुतण्यानं ते पुण्याच्या नातेवाइकांसाठी मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं. तिसऱ्या दिवशी सणसवाडीच्या कंपनीतल्या कँटीनमध्ये एका बिहारी ऑपरेटरनं साखरबाईच्या मुलापुढं, रविराजपुढं मोबाइल धरला. "सुपरवायजर साब, ये आपकी माताजी हैं ना? बहुत बढ़िया गाती हैं."

रविराज हाफ डे टाकून घरी आला. आप्पांची माणसं येऊन गेलेली होती. सून सुलक्षणा दाराआड उभी होती. रविराज आईपुढं बसला, तिचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"म्हण. इथून पुढं कुणाच्याबी मयताला तोंड उघडणार न्हाई."

"गिताबाईच्या बी?"

"कुणाच्याबी म्हंजी कुणाच्याबी."

"मी त्यांना शब्द दिलाय."

"आन् मी इथं नोकरी करून इज्जत मिळवलीय. म्हण."

पोटच्या पोराच्या डोक्यावर हात. साखरबाईनं म्हटलं.

गिताबाई डिसेंबरात गेली. बायका जमल्या, वाट सोडून उभ्या राहिल्या. साखरबाई आली, मढ्याच्या उशाशी बसली आणि गप्प राहिली. गिताबाईची लेक अनिता, दौंडला दिलेली, तिनं रडत रडत चुलतीच्या गळ्यात हात टाकले आणि पुढचं उचललं जाण्याची वाट बघितली. साखरबाईनं तिला नुसतं घट्ट धरलं. ओठ दाताखाली. मग खोकला येणाऱ्या मावशीनं 'देवमाणूस' सुरू केलं, आणि तेही खोकल्यात गेलं.

त्या दिवसापासून अनिता चुलतीशी बोलेना. गाव मात्र बोललं. "जावंसाठी डोळ्यातनं टिपूस न्हाई. जुना डूख धरला बघ." साखरबाई भाकरी थापायची, रानात जायची, आणि म्हशीजवळ उभी राहायची. म्हशीलाही सांगण्यासारखं काही नव्हतं.

आणि अशात जानेवारीत आयर्लंडचं भजनी मंडळ आलं.

आता ते भजनी मंडळ नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. रविराजच्या कंपनीचे मालक आयर्लंडचे. कंपनीनं निमोण्याच्या शाळेला दोन वर्गखोल्या बांधून दिल्या. उद्घाटनाच्या सुमारास मालकांच्या देशातलं एक गाणारं मंडळ हिंदुस्थानात फिरत होतं. पुण्यात कार्यक्रम, तिथून हैदराबाद. मधला एक दुपारचा मोकळा वेळ कंपनीच्या साहेबांनी निमोण्याच्या नावावर टाकला आणि व्यवस्था रविराजच्या अंगावर. तीन बायका, एक दाढीवाला बाप्या, चौघं मिळून त्यांच्याकडची जुनी गाणी म्हणतात, वाजंत्री काही नाही, एवढं रविराजनं फ्लेक्सवाल्याला फोनवर सांगितलं. फ्लेक्सवाल्यानं त्याचा अर्थ लावला. फ्लेक्सवर आलं : 'आयर्लंड येथील जगप्रसिद्ध भजनी मंडळ'. वर उपसरपंचांचा गॉगलमधला फोटो.

साऊंडवाला कोंडिबा दुपारीच कर्णे बांधून तयार होता. पाहुणे गाडीतून उतरले तसा तो गाडीत वाकून बघायला लागला.

"पेटी, तबला मागच्या गाडीत हाय का?"

"न्हाई," रविराज म्हणाला. "ते नुसतं तोंडानं गातात."

"मग ठेका?"

"पायानं देत्यात म्हणे."

कोंडिबानं पाहुण्यांच्या पायांकडं नीट बघितलं. "मग पायाला माईक लावावा लागंल," तो म्हणाला, आणि खरोखरच एक माईक खाली वाकवून लावला.

पाहुण्यांचं मराठीत सांगणारी म्हणून शिरूरच्या मिशन कंपाउंडमधली जस्मिन टीचर आली होती. तिनं पाहुण्यांची ओळख करून दिली. मुख्य गाणारी बाई साठीची, उंच, पांढरे केस मोकळे सोडलेले. तिचं नाव ब्रीद. शाळेच्या भिंतीवर 'आमचे ब्रीद' असं पूर्वीपासून लिहिलेलं होतं आणि खुर्ची नेमकी त्याच्याखाली पडली होती, त्यामुळे पाहुणीच्या स्वागतासाठी शाळेनं भिंत रंगवली असंच बऱ्याच जणांना वाटलं.

गावातली जाणती बाई म्हणून ओवाळायला साखरबाई. रविराजनं सकाळी बजावलं होतं, "ओवाळायचं, कुंकू लावायचं, खाली येऊन बसायचं. साहेब पुढच्या रांगेत हायेत."

"गाणं आवडलं तर?"

"टाळी वाजवायची. तोंड न्हाई."

साखरबाईनं ओवाळलं, कुंकू लावलं, खाली येऊन बसली. तीन रांगा मागं अनिता होती. आईचं महिन्याचं घालायला ती माहेरी आलेली. तिनं चुलतीकडं बघितलं आणि मान फिरवली.

पहिली तीन गाणी उडती होती. चौघांचे गळे एकमेकांत असे गुंतायचे की कोणता कुणाचा ते कळू नये. पोरं बाकांवर चढून नाचली. पायाच्या माईकनं काम केलं. दाढीवाल्याचा बूट असा घुमला की शाळेमागची कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

मग जस्मिन पुढं आली. "आता ब्रीदताई एकट्या एक जुनं गाणं म्हणणार आहेत. त्यांच्याकडं पूर्वी माणूस गेलं की बायका जमून असं सुरात रडायच्या. काही बायका त्यात फार हुशार असायच्या, त्यांना मुद्दाम बोलवायचे. मग चर्चच्या फादर लोकांनी ते बंद केलं. चांगलं दिसत नाही म्हणाले. आता तिकडं असं कुणी रडत नाही, फक्त स्टेजवर म्हणतात."

साखरबाई शेजारच्या सुलक्षणेच्या कानाशी लागली. "म्हंजी त्यांच्यातबी एक रविराज झाला व्हता."

"आत्या, हळू," सुलक्षणा म्हणाली.

ब्रीदनं डोळे मिटले. सूर लागला तो वरून खाली यायचा, मध्ये थबकायचा, पुन्हा कुणाला तरी हाक मारल्यासारखा वर जायचा. शब्द कुणाला कळण्याचा प्रश्न नव्हता. पण पहिली ओळ संपायच्या आत मैदानातल्या सगळ्या बायकांचे हात आपोआप पदराकडं गेले. कोंडिबानंही ओळखलं की हे दुःखाचं आहे, आणि दुःखाच्या गाण्याला तो नेहमी जो द्यायचा तो एको त्यानं दिला. कर्ण्यांची तोंडं रानाकडं होती. कांदा खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या, आणि हातातली खुरपी तशीच घेऊन शाळेच्या फाटकातून आत आल्या.

"कोण गेलं?"

"कुणी न्हाई, कारेक्रम हाय."

"मग ती बाई का रडती?"

खुरपीवाल्या बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

साखरबाईचं लक्ष मात्र स्टेजवरच्या बाकी तिघांवर होतं. ब्रीद एकटी रडत होती आणि ते तिघं मागं हात बांधून खांबासारखे उभे. दोन बाया धडधाकट, पण एकीलाही वाटेना की पुढं व्हावं, गळ्यात पडावं, हिला जरा दम खाऊ द्यावा. दुसरं कडवं झालं. तिसरं लागलं. साखरबाईनं मागं वळून गावातल्या बायकांकडं बघितलं. सगळ्या तिच्याकडंच बघत होत्या.

तिनं हिशेब केला. शपथ मयताची. इथं मढं नाही, तिरडी नाही, कुणाचं दार नाही. शाळा आहे. आणि तोंड उघडायला बंदी कुणाच्या मयताला, तर इथं मेलेला कोण हेच कुणाला ठाऊक नाही.

ती उठली.

"आत्या," सुलक्षणा म्हणाली, आणि हातात आलेला तिचा पदर चुकून सोडून बसली.

साखरबाई तीन पायऱ्या चढली, पदर पुढं ओढला आणि ब्रीदच्या गळ्यात पडली. ब्रीदनं डोळे उघडले. गाणं तिनं तोडलं नाही. ओळ शेवटपर्यंत नेली, आणि साखरबाईचा उजवा हात हातात घेऊन तो सावकाश गोल फिरवायला लागली. त्यांच्याकडं म्हणे गाणाऱ्याचा हात धरून असाच फिरवतात, जस्मिननं नंतर सांगितलं. साखरबाईला त्यात नवल वाटलं नाही. जात्याचा खुंटा दोघींनी धरला की हात असाच फिरतो. ओळ संपली, ब्रीदनं श्वास घेतला, आणि पुढचं साखरबाईनं उचललं.

"अगं माझ्या जावंबाई गं... न सांगता उठून गेलीस गं...
बारा वर्सं बोलली न्हाईस, म्हशीकडनं मीठ मागितलंस गं...
रेडकू सुटलं पाडव्याला, दावं तुझ्याच हातात व्हतं गं...
नाव माझं घेतलंस, मी वरवंडाला गेले गं...
आन् चार म्हैनं दळण कांडण तू एकलीनं केलंस गं... हाताला फोड आलं ते कुणाला दावलं न्हाईस गं..."

कोंडिबाचा एको चालूच होता. 'तुझ्याच हातात' हे शब्द रानात जाऊन दोनदा परत आले. ज्या सासूला हे ऐकवायचं ती जाऊन चाळीस वर्षं झाली होती, त्या पाडव्याचे पाहुणेही आता कुणी उरले नव्हते. तरी चार लोकांत सांग म्हटलं होतं, आणि इथं चारशे होते.

मग तिसरा सूर आला, मैदानातून. अनिता खुर्च्या बाजूला सारत येत होती. ती स्टेजवर चढली, दोघींच्या गळ्यात एकदम पडली आणि तिनं पुढचं उचललं. मग भिंतीजवळच्या खुरपीवाल्या. मग सगळ्याच.

पुढच्या रांगेत कंपनीचे साहेब रविराजकडं झुकले आणि इंग्रजीत म्हणाले, हे फारच सुंदर आहे, हे आधीच ठरलेलं होतं का?

रविराजनं स्टेजकडं बघितलं. आईचा चेहरा दिसत नव्हता, नुसता पदर हलत होता.

"येस सर," रविराज म्हणाला.

साहेबांनी डायरी काढून काहीतरी लिहून घेतलं.

सगळं ओसरल्यावर चहा आला. साखरबाईनं ब्रीदला शेजारी बसवून घेतलं आणि जस्मिनला म्हणाली, "तिला इचार, तिचं कोण गेलं व्हतं?"

जस्मिननं विचारलं. "त्यांचं कुणी नाही आजी. गाण्यातला माणूस. समुद्रात बुडाला. दोनशे वर्षं झाली."

"दोनशे? आन् अजून रडत्यात?"

"हो."

"मग चांगला आसंल. काय काय सांगितलंय त्यात?"

ब्रीदनं बोटं मोजत सांगितलं, जस्मिननं मराठी केलं. "त्याची होडी निळी होती. शर्ट बायकोनं शिवलेला होता. आणि त्या दिवशी आई नको म्हणत असताना तो गेला. आईचं कधी ऐकायचा नाही."

साखरबाईनं मान डोलावली. "बराबर हाय. आसंच पाहिजे. नुसतं देवमाणूस म्हणून भागत न्हाई." मग तिनं ब्रीदचा पंजा उलटा करून बघितला, घट्टे आहेत का ते. होते. ब्रीदची घरी मेंढरं होती.

पाहुण्यांची गाडी धुरळा उडवत शिरूरच्या रस्त्याला लागली. मैदानात रविराज मंडपवाल्याच्या खुर्च्या एकात एक घालत होता. अनिता नळावर तोंड धुऊन आली आणि साखरबाईजवळ उभी राहिली.

"रेडकाचं आईनं मलाबी कधी सांगितलं न्हाई," अनिता म्हणाली.

"लाजली व्हती."

"काकू, पर एक राहिलं. आईची मिशरी. दिसातनं चारदा लावायची, आन् डबी तुमच्या फळीवर लपवायची. ते न्हाई आलं त्यात."

"व्हय की गं," साखरबाई म्हणाली. "ते वर्षश्राद्धाला घेऊ."

रविराज चार हातांवर उभा होता. त्यानं ऐकलं. हातातली खुर्ची त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि ढिगावर चढवली.

"आई," तो म्हणाला, "वर्षश्राद्ध डिसेंबरात येतंय. कोंडिबाला आधी सांगावं लागंल."